व्यावसायिक गोल्फमध्ये सर्वात दमदार सुरुवात कोणत्या भारतीय मुलीने केली?

माझ्या मते निःसंशय अदिती अशोक. बंगळूरूची ही मुलगी पाचव्या वर्षी गोल्फ खेळू लागली आणि 2016च्या सुरुवातीला, अठरा पूर्ण होण्याआधीच व्यावसायिक झाली. त्याआधी डिसेंबर 2015मध्ये तिने मोरोक्कोत युरोपीय महिला टूरची, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेची, पात्रता स्पर्धा जिंकली होती.

ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिक. तिथे वडीलच तिचे कॅडी, म्हणजे बॅग वाहणारे साथीदार होते. गोल्फमध्ये जितके कमी फटके तितके चांगले; पहिल्या दोन दिवशी तिने 68-68 असे फटके घेतले आणि पहिल्या दहांत जाऊन बसली. शेवटी 41वी आली खरी, पण त्या दोन दिवसांत देशभर किती तरी लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फचा गुणफलक उघडून पाहिला असेल!

खरा कळस नोव्हेंबरमध्ये झाला. गुरुग्रामला इंडियन ओपनमध्ये तिने एका फटक्याच्या फरकाने बाजी मारली. युरोपीय महिला टूरवर जिंकणारी ती पहिली भारतीय. लगोलग त्याच महिन्यात कतार ओपनही जिंकली. वर्षाअखेरीस टूरची सर्वोत्तम नवोदित खेळाडू तीच ठरली.

मला विजेतेपदांहून तिचा पटिंगमधला, म्हणजे चेंडू हळूच भोकात ढकलतानाचा, शांतपणा मोठा वाटतो. तिचा टी-शॉट, म्हणजे सुरुवातीचा फटका, फार लांब जात नाही. लांब मारणाऱ्या मुलींशी ती बरोबरी करते ती ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, छोट्या फटक्यांत. टोकियो ऑलिंपिकमध्ये एका फटक्याने पदक हुकून ती चौथी आली, तेव्हाही तिची भिस्त याच पटरवर, म्हणजे छोट्या फटक्यांच्या काठीवर होती.