सिनेमा-गाण्यांचा वकील व्हायचंय, तर शिकू काय?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी नागपुरात मानेवाड्याला राहतो, बीकॉम फायनलला आहे. आम्हा चार मित्रांचं गाण्यांचं यूट्यूब चॅनल आहे, त्यावरूनच डोक्यात आलं की आपण एंटरटेनमेंट लॉयर व्हावं. त्याची वेगळी डिग्री असते का? बाबा म्हणतात मुंबईले गेल्याशिवाय हे होत नाही. खरं का?

उत्तर : वेगळी डिग्री नाही रे भाऊ. खुनाच्या केसेस लढणारा असो की सिनेमावाला, एलएलबी तीच आणि सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, तीही तीच. तुझं बीकॉम होतच आलंय, तर तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दे, ओपनला ग्रॅज्युएशनला 45 टक्के लागतात. बारावीनंतरच ठरवलं असतंस तर पाच वर्षांचा कोर्स होता, क्लॅट देऊन आपल्याच वारंग्याच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीत जाता आलं असतं, पण गेलं ते गेलं. नंतर बार कौन्सिलकडे नोंदणी आणि ऑल इंडिया बार एक्झाम. नोंदणीची फी ओपनला 750 रुपयांच्या वर घेता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये सांगितलंय, कोणी जास्त मागितली तर हे लक्षात ठेव.

एलएलएम, म्हणजे एलएलबीनंतरची मास्टर्स डिग्री, लागतेच असं नाही. लागतो तो कॉपीराइट अॅक्ट 1957 आणि कॉन्ट्रॅक्ट अॅक्ट, आणि तेही गाइड वाचून नाही, मूळ कलमं वाचून.

का ते सांगते. वडसा साइडचे एक झाडीपट्टीचे, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या लोकरंगभूमीचे, नाटककार माझ्याकडे आले होते, हातात घडी पडून मधोमध फाटत आलेला स्टॅम्प पेपर, त्यावर एवढंच की नाटकाचे हक्क दिले, पैसे पावले. किती वर्षांसाठी, कुठे, एक अक्षर नाही. त्यांना वाटे नाटक कायमचं गेलं. पण कॉपीराइट अॅक्टचं कलम 19 म्हणतं, मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. सहा वर्षं होऊन गेली होती! काका खुर्चीतच सरळ होऊन बसले. 2012 च्या दुरुस्तीनंतर तर सिनेमासाठी गाणं लिहून दिलं तरी थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला गीतकाराचा समान वाटा सुटत नाही, भले कागदावर काही का लिहिलेलं असेना.

बाबांचं अर्धं खरं आहे. प्रोड्यूसर, म्युझिक कंपन्या मुंबईतच, त्यामुळे सुट्ट्यांमध्ये इंटर्नशिप तिकडे कर. पण शिकायला इथे काय कमी आहे? सिव्हिल लाइन्समध्ये केंद्र सरकारची बौद्धिक संपदेची (कॉपीराइट, पेटंट वगैरेंची) राजीव गांधी संस्था आहे, तिथे ट्रेनिंग होतात, आणि नागपूरच्याच किती पोरांना ते माहीत नसतं बाप्पा.

आता तू मला सांग, तुमच्या चॅनलवरच्या गाण्यांचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, आणि तुम्ही चौघांनी आपसात काही कागद केलाय का? नसेल केला तर सीईटीच्या आधी तोच लिहायला बस, आणि पुढच्या अंकासाठी मला पाठव, लाल पेन घेऊन तपासते.