चंद्र उगवल्यावर ती जेवते का?

इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका आईने लिहिलंय: सोळा वर्षांची मुलगी आधी फक्त संकष्टी करायची, आता सोमवार आणि गुरुवारही धरते. सहा महिन्यांत कपडे ढगळ झाले. जेवायला बोलावलं की ‘पोट गच्च आहे’ म्हणते. डॉक्टरांनी खाण्याच्या आजाराची प्रश्नावली भरून घेतली, गुण कमी आले. पुण्याच्या आजी खूश आहेत, नात धार्मिक निघाली म्हणून. मी उगाच घाबरतेय का?

ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात.

या प्रश्नावल्या बहुतेक पाश्चात्त्य रुग्णांवरून बेतलेल्या आहेत. ब्रिटनमधली १९९९ ची ‘स्कॉफ’ घ्या. पाचच प्रश्न, आणि त्यातला एक असा: लोक बारीक म्हणत असताना तुम्हाला स्वतःला जाड वाटतं का? तुमची मुलगी ‘नाही’ म्हणेल, आणि ते खरंही असेल. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांना १९९० च्या दशकात असे बरेच रुग्ण भेटले. खंगत चाललेले, पण जाड होण्याची भीती नाही. तक्रार पोट फुगल्याची. दिल्लीच्या डॉक्टरांनीही १९९५ मध्ये अशाच तरुणींची नोंद केली. म्हणून कमी गुण म्हणजे सौम्य आजार, असं धरू नका.

नुसत्या वजनावरही जाऊ नका. आधी अंगाने भरलेली मुलगी झपाट्याने उतरली, तर काट्यावर ती ‘नॉर्मल’ दिसते आणि तरी तिच्या हृदयावर ताण आलेला असू शकतो.

उपासाकडे मात्र नीट बघा. उपास करणारं माणूस तो सोडायच्या वेळेकडे डोळे लावून बसतं. चंद्रोदयानंतर ती वरणभात, मोदक घेऊन पानावर बसते की अभ्यासाचं निमित्त काढते? साबुदाण्याची खिचडी खाते का? दाण्याचं कूट, तूप नको म्हणते का? घरात उपास नसलेल्या दिवशी काय खाते? आठवडाभर हे लिहून ठेवा. पाळीच्या तारखा आणि सहा महिन्यांपूर्वीचं वजनही लिहा. हा कागद घेऊन परत जा आणि उपास म्हणजे काय ते डॉक्टरांना समजावून सांगा. त्यांना ते ठाऊक असेलच असं नाही. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागा, तो मोफत मिळतो. मुलीलाच दुभाषी करू नका. खाण्याच्या आजारांच्या विशेष पथकाकडे पाठवा, असं स्पष्ट म्हणा. इंग्लंडमध्ये एकोणीस वर्षांखालच्यांना तातडीच्या वेळी एका आठवड्यात, एरवी चार आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा दंडक आहे.

चक्कर येऊन पडली, छातीत दुखलं, नाडी फार मंद लागली किंवा पाणीही घेईना, तर वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा.

आणि आजींना आज फोन करा. आजारी माणसाला व्रतातून सूट असते, हे त्यांना चांगलं माहीत आहे. ते नातीला त्यांनीच सांगावं. तुमच्या तोंडून तिला ती जेवणाची सक्ती वाटेल.