एकाच विषाणूचा संसर्ग दोनदा होत असेल, तर त्यावर लस काम करेल का?

हो, करू शकते. पुन्हा संसर्ग होणं आणि पुन्हा गंभीर आजारी पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गल्लत नेमकी इथेच होते.

रोटाव्हायरस घ्या. लहान मुलांना तो वारंवार होतो, पण पहिल्या एक-दोन संसर्गांनंतरचे जुलाब सहसा सौम्य असतात. लस हेच साधते. पहिल्या वेळचा जो खरा धोका, तो बाळाला बऱ्याच अंशी टळतो.

असं का होतं? रक्तातली प्रतिपिंडं (विषाणूला रोखणारी प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडीज) हळूहळू कमी होतात, त्यामुळे विषाणू शरीरात पुन्हा शिरू शकतो. मात्र स्मृतिपेशी, म्हणजे आधीचा विषाणू लक्षात ठेवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, टिकून असतात. त्या ओळखीच्या विषाणूवर लवकर तुटून पडतात आणि आजार बळावण्याआधीच आटोक्यात येतो. कोविडच्या लशीनंतरही लोकांना संसर्ग झाला, पण गंभीर आजाराचं आणि मृत्यूचं प्रमाण घटलं. माझ्या मते हे यश अजिबात छोटं नाही.

कधीकधी तर लस प्रत्यक्ष संसर्गापेक्षा सरस ठरते! एचपीव्ही हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू त्वचेच्या आणि अंतस्त्वचेच्या पेशींतच राहतो, रक्तात पसरत नाही; म्हणून संसर्गानंतर अनेकांत प्रतिपिंडं बनतच नाहीत. स्नायूत टोचलेल्या लशीने मात्र ती भरपूर बनतात.

फ्लूची अडचण वेगळी आहे. तो विषाणूच बदलत राहतो, म्हणून त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते.