धार्मिक अभ्यासक्रमातलं विज्ञान परीक्षेला पुरतं का?

चौदा वर्षांची मुलगी, पहिलीपासून घरीच शिकलेली, तीही धार्मिक अभ्यासक्रमावर. आता जीवशास्त्र घेऊन बाहेरची परीक्षा द्यायची होती. आईची धास्ती दुहेरी: "पुस्तकांत उत्क्रांती नाहीच, मागे पडेल. आणि शिकवली तर श्रद्धा डळमळेल."

आधी परीक्षेचा पाठ्यक्रम आणि पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवून खुणा करायला सांगितल्या. पेशी, पचन, वनस्पती चोख होतं; आकृत्या तर देखण्या. नैसर्गिक निवड, जीवाश्म, वयमापन या रकान्यांत काहीच नाही. प्रयोगवहीत मात्र निष्कर्ष आधीच छापलेले! मला गाळलेल्या धड्यापेक्षा हे जास्त खटकलं. धडा महिन्याभरात भरून निघतो, "हे कशावरून?" विचारायची सवय तितक्या लवकर लागत नाही.

तिच्या पुस्तकात एका पानावर लिहिलं होतं: कार्बन पद्धतीने कोट्यवधी वर्षांचं वय काढता येत नाही, म्हणून पृथ्वीचं वय हा नुसता अंदाज. पहिला अर्धा भाग खरा आहे. कार्बन-14 चा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे 5730 वर्षं. पन्नासेक हजार वर्षांनी मोजण्याजोगं फारसं उरत नाही. पण पृथ्वीचं वय कार्बनवरून काढलेलंच नाही. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी 1956 साली उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) ते 455 कोटी वर्षांच्या आसपास ठरवलं.

अर्धायुकाल हाताने कळावा म्हणून नाणी दिली. डब्यात हलवून ओतायची, छापा पडलेली बाजूला काढायची, उरलेली मोजून पुन्हा ओतायची. मुलीने 20 नाण्यांवर केलं. आलेख वेडावाकडा आला आणि तिने दर फेरीला निम्मी उरतात हा नियमच खोटा ठरवला. संख्या लहान असली की योगायोग वरचढ ठरतो. मग 100 नाणी, तीनदा, सरासरी काढून. 50, 25, 12 च्या जवळपास आकडे आले, वक्र लगेच डोळ्यांत भरला.

श्रद्धेचं काय? परीक्षेत पुरावा विचारतात, तुम्ही काय मानता ते नाही. "उत्क्रांती हा नुसता सिद्धांत" हे वाक्यही आईसमोर उलगडलं. सिद्धांत म्हणजे पुराव्याने सिद्ध झालेला निष्कर्ष; खरं तर मराठीत "नुसता" आणि "सिद्धांत" शेजारी बसायलाच नकोत. वहीत दोन रकाने ठेवायचं ठरलं: "कशावरून कळलं" आणि "आपण काय मानतो". पहिला मुलीने भरायचा. दुसरा आईने, मुलीला शेजारी बसवून.