‘झोहार’ हा ज्यू गूढवादी ग्रंथ खरोखर दुसऱ्या शतकातला आहे का?

नाही. परंपरा ‘झोहार’चे कर्तृत्व दुसऱ्या शतकातील रब्बी शिमोन बार योहाय यांना देत असली, तरी हा ग्रंथ मुख्यतः तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील कॅस्टिल येथे आकाराला आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि त्यात तिथल्या मोशे दे लेऑन या ज्यू गूढवाद्याचा वाटा मोठा धरतात. मुख्य चुगली भाषाच करते: अरामी भाषेतल्या या ग्रंथात प्रार्थनागृहाला ‘एश नोगा’, म्हणजे ‘तेजाचा अग्नी’, म्हटले आहे, आणि ती उघडच इबेरियातील ज्यूंच्या बोलीतल्या ‘एस्नोगा’ या शब्दावरची कोटी आहे.

अक्को (आजच्या इस्रायलमधील शहर) येथील इसाक हा ज्यू गूढवादी १३०५ च्या सुमारास या ग्रंथाचा शोध घेत स्पेनला आला. आविला येथील घरी मूळ पोथी दाखवण्याचे वचन दे लेऑनने त्याला दिले; पण घरी पोहोचण्यापूर्वीच दे लेऑन वारला. तशी पोथी नव्हतीच, पतीने सारे स्वतःच्या मनाने लिहिले, असे त्याच्या पत्नीने सांगितल्याची नोंद आहे. मात्र ही साक्ष इसाकपर्यंत ऐकीव स्वरूपात पोहोचली असल्याने मी भाषेच्या पुराव्याला अधिक वजन देईन. ‘झोहार’चे अभ्यासक येहुदा लिबेस यांच्या मते तर हे एकट्याचे नव्हे, एका मंडळाचे काम होते.