एमबीए की फाउंड्री? आधी एक ग्राहक तिच्या हाती द्या

सप्रेम नमस्कार,

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत तुमची फाउंड्री (लोखंड ओतकामाचा कारखाना), त्यातलं सत्तर टक्के काम एकाच कंपनीचं आणि तेही सिलिंडर हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं. मुलगी मेकॅनिकल करून पुण्यात पर्चेसमध्ये (खरेदी विभागात) नोकरीला आहे आणि आता तिला एमबीए करायचंय. तुमचं म्हणणं, 'वीस-पंचवीस लाख घालून लीडरशिप काय शिकायची? कारखान्यात ये, आपोआप शिकशील.' आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता: 'इलेक्ट्रिक गाड्यांनी आमचं काय होणार कोण जाणे.'

खरी काळजी या शेवटच्या ओळीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नाही, म्हणजे हेडही नाही. पण ब्रेक ड्रम, हब लागणारच. ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह यांची कास्टिंगंही (ओतीव भाग) इतक्यात कुठे जात नाहीत. धोका आहे तो एका पार्टवर आणि एका ग्राहकावर उभ्या असलेल्या फाउंड्रीला. कोल्हापूरने हे एकदा पचवलंय. उद्यमनगर वाढलं ते शेतीला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांवर. शेतात वीज पोचली, इंजिनांची मागणी घटली आणि इथले कारखानदार वाहनांच्या कास्टिंगकडे वळले. त्याला तेव्हा कुणी इनोव्हेशन म्हणत नव्हतं, एवढंच.

आज वळायचं तर अडतं पैशापाशी. नवा पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना), ट्रायल, सॅम्पल मंजुरी यात महिने जातात आणि तुमचं पेमेंट तर नव्वद दिवसांनी येतं. कायद्याची मुदत जास्तीत जास्त 45 दिवसांची आहे. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते चुकते होईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची आयकरात वजावट मिळत नाही, हा नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे. तरी मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार कोण करतो! त्यापेक्षा 'ट्रेड्स'चा (TReDS, लघुउद्योगांच्या बिलांवर आधी पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था) रस्ता बघा. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. ग्राहकाने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, थोडं व्याज कापून पैसे आधी मिळतात, आणि पुढे ग्राहकाने थकवलं तरी बँक तुमच्याकडे वसुलीला येत नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) असेलच. नसेल तर आधी ती करा.

आता मुलीचं. पर्चेसमध्ये बसलेल्या माणसाला सप्लायरचं बिल कुठल्या टेबलावर आणि का अडतं, ते ठाऊक असतं. हे ज्ञान तुमच्याकडे नाही, तिच्याकडे आहे. तिला बोलवायचं असेल तर नुसतं केबिनमध्ये बसवू नका. पंपाचा किंवा व्हॉल्व्हचा एक नवा ग्राहक पूर्ण तिच्याकडे द्या, दर ठरवण्याच्या अधिकारासकट. आणि कॉस्ट शीट दाखवा. बऱ्याच ठिकाणी दर किलोवर ठरतो, रिजेक्ट झालेला माल परत भट्टीत जातो आणि 'लोखंड कुठं गेलं, इथंच आहे' म्हणून हिशेब मिटतो. वीज, वाळू, मजुरी मात्र गेलेली असते. ब्लो होल (कास्टिंगच्या आतली हवेची पोकळी) ग्राहकाकडे मशिनिंगनंतर निघाला, तर त्यांच्या मशिनिंगच्या खर्चाची डेबिट नोटही मागोमाग येते. या नुकसानीचा आकडा तिने वर्षभर मांडला, तर एमबीएच्या वर्गात ती इतरांपेक्षा कितीतरी पुढे असेल.

पुढे शिकायचं झालं तर घरचा व्यवसाय सांभाळणाऱ्यांसाठी वेगळे अभ्यासक्रम आहेत. मुंबईच्या एसपी जैनमध्ये महिन्यातला साधारण एक आठवडा वर्ग आणि बाकी दिवस स्वतःच्या कारखान्यात, अशी रचना आहे. पूर्णवेळ एमबीए वाईट नाही, पण ते प्रामुख्याने नोकरीच्या बाजारासाठी घडवतं. तिला तेच हवं असेल तर नोव्हेंबरात कॅट देऊ द्या आणि 'मग हे सगळं कुणासाठी उभं केलं' हे वाक्य घरात काढू नका. तुमच्या दोन पानी पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही, म्हणून हे लिहावं लागतंय. पुढचं पत्र तिला लिहू द्या.

ती कारखान्यात यायला तयार झालीच, तर नव्या ग्राहकाचे दर ती ठरवणार, हे तुमच्या जुन्या फोरमनला तुम्ही स्वतः सांगा, तिच्या देखत. तिने सांगून ते चालायचं नाही.