‘गोंधळ’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

तुमच्या आजीच्या आठवणींची वही परदेशातल्या भावंडांसाठी तुम्ही इंग्रजीत आणताय, आणि ‘गोंधळ’ या एका शब्दापाशी अडलाय. कोशात मेस, क्लटर, केऑस, डिसऑर्डर, शॅम्बल्स, हॅवक असे कितीतरी शब्द दिलेत, त्यातला कुठला कधी घ्यायचा, असा तुमचा प्रश्न. वहीतलं ‘लग्नाच्या तिसऱ्या दिवशी घरी गोंधळ होता, रात्रभर कोणी झोपलं नाही’ हे वाक्यही दिलंत, आणि तिथे तुम्ही केऑस वापरलाय. त्या वाक्याकडे शेवटी येतो. भाषांतरं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि या शब्दांपाशी मला सारखं थांबावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण मराठीत हे न शिकता बरोबर करतो. मुलांनी खेळणी टाकली की पसारा होतो, हिशेबात घोळ, दोऱ्याचा गुंता, कारभारात अनागोंदी. ‘कपाटात अनागोंदी आहे’ असं कोणी म्हणत नाही. म्हणजे काय बिघडलंय, वस्तू की माणसं की नियम, हे बघून शब्द ठरतो. इंग्रजीतही हेच आधी बघायचं. दुसरं म्हणजे शब्द कुठल्या क्रियापदाबरोबर राहतो ते बघायचं. नुसता अर्थ पाठ करून भागत नाही.

क्लटर फक्त वस्तूंचा. घाण नाही, मोडतोड नाही, नको इतक्या गोष्टी एका जागी साठल्यात, एवढंच. आपल्या ‘अडगळी’च्या सगळ्यात जवळचा. मूळ ‘क्लॉट’शी जोडलेलं आहे, म्हणजे गुठळी. गुठळीमुळे वाट बंद होते, तसंच इथे. म्हणून क्लटर ‘क्लिअर’ करतात.

मेसमध्ये मात्र कोणीतरी काहीतरी बिघडवलेलं असतं. मेस ‘मेक’ करतात आणि मग कोणाला तरी ती ‘क्लीन अप’ करावी लागते. सांडलेलं दूध मेस, फसलेला व्यवहारही मेस. एक बारकावा लक्षात ठेवा: माणूस ‘इन अ मेस’ असेल तर तो अडचणीत आहे, पण माणूसच ‘अ मेस’ असेल तर तो आतून विस्कटलाय. आणि पुण्यात शिकायला आलेली पोरं जिथे डबा लावतात ती मेस? शब्द तोच. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ताटात वाढलेला पदार्थ. तिथून एका बाजूला एकत्र जेवणाऱ्यांचा गट आला, लष्करातली मेस ती हीच. दुसऱ्या बाजूला कालवलेलं अन्न, मग नुसतीच कालवाकालव. ‘सगळी खिचडी करून ठेवली’ म्हणताना आपणही स्वयंपाकघरातूनच तिथे पोचतो.

शॅम्बल्स हा माझ्या मते सगळ्यात जास्त चुकणारा शब्द. शेवटी ‘स’ ऐकू येतो म्हणून लोक अनेकवचन समजतात, पण ‘अ शॅम्बल्स’ असंच म्हणायचं. मुळात हे बाकडं. मग मांस विकायचं बाकडं, मग मांसबाजार, मग कत्तलखाना, मग रणांगणावरचा रक्तपात. इंग्लंडमध्ये यॉर्क शहरात शॅम्बल्स नावाची जुनी अरुंद गल्ली आहे, तिथे खाटकांची दुकानं होती. ‘फज्जा’ हा आजचा अर्थ विसाव्या शतकातला. नियोजन असायला हवं होतं आणि ते साफ कोसळलं, अशा ठिकाणी तो बसतो: बैठक, दौरा, निवडणुकीची तयारी. पोराच्या खोलीला कोणी म्हटलं तर चूक नाही, पण जरा रागाने म्हटलेलं असतं.

केऑस ग्रीकांचा, सृष्टीच्या आधीची पोकळी. ‘गॅस’ हा शब्दही सतराव्या शतकात रसायनशास्त्रज्ञ व्हॅन हेल्मोंट यांनी यावरूनच घडवला. याच्यामागे सहसा ‘अ’ लागत नाही. गर्दी, वाहतूक, कोणाचाच ताबा न उरलेली परिस्थिती, इथे तो चालतो. गणितातल्या केऑसला मात्र ‘गोंधळ’ म्हणू नका. तिथे नियम पक्के असतात, फक्त सुरुवातीच्या किंचित फरकाने पुढचं सगळं बदलतं. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी 1963 मध्ये हवामानाच्या समीकरणांवरून हेच दाखवलं.

हॅवक एकटा क्वचितच येतो, बहुतेक वेळा ‘रीक’ किंवा ‘प्ले’ घेऊन येतो. पूर्वी सैन्याला लुटीची मोकळीक देणारी ती आरोळी होती, म्हणून ‘धुमाकूळ घालणे’ चपखल बसतं. मेहेम हा मूळचा कायद्यातला शब्द, माणसाला लढता येऊ नये असं जायबंदी करण्याचा गुन्हा.

बेडलॅम आणि पॅन्डेमोनियम या दोन्हींत आवाज हवाच. दुसरा इंग्रज कवी मिल्टनने 1667 च्या महाकाव्यात नरकाच्या राजधानीसाठी घडवला. पहिला लंडनच्या बेथलेहेम रुग्णालयाचं बोली नाव. 1247 मध्ये मठ म्हणून सुरू झालेली ती जागा पुढे मनोरुग्णांची झाली. त्या माणसांच्या यातनांवरून हा शब्द आलाय, म्हणून आजारपणाच्या आठवणीत मी तो कधीच येऊ देत नाही. तुम्हीही देऊ नका. डिसऑर्डरबद्दलही हीच काळजी घ्या. वैद्यकात तो ‘विकार’, पोलिसांच्या भाषेत सार्वजनिक शांततेचा भंग, रोजच्या पसाऱ्याला तो लावत नाहीत. आणि टापटिपीच्या माणसाला ‘ओसीडी आहे’ (ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर, तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याचा मानसिक विकार) म्हणायची जी सवय पडलीय, ती मला मनापासून खटकते. ज्याला तो विकार आहे त्याचे तासन् तास त्यात जातात.

आता तुमचं वाक्य. तिथे केऑस नको, आणि मला वाटतं वरचा एकही शब्द नको. आपल्याकडे बऱ्याच घरांत लग्नानंतर देवीचा गोंधळ घालतात. गोंधळी येतात, चौक मांडतात, दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुण्यावर रात्रभर देवीची गाणी आणि आख्यान चालतं. ‘तिसऱ्या दिवशी’ आणि ‘रात्रभर कोणी झोपलं नाही’ हे दोन्ही एका वाक्यात आहे, म्हणून मला हीच शक्यता जास्त दिसते. वहीत पुढेमागे संबळ, दिवटी, तुळजापूरची भवानी किंवा माहूरची रेणुका यांचा उल्लेख आहे का, ते बघा. घरात कोणी जुनं माणूस असेल तर लग्नानंतर गोंधळ घालायची तुमच्याकडे रीत होती का, ते आजच विचारा. होती असेल तर ‘गोंधळ’ हाच शब्द रोमन अक्षरांत ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे भावंडांसाठी एक ओळ जोडा, की हे देवीचं रात्रभराचं जागरण आहे. आजीने ‘गोंधळ होता’ असं लिहिलंय, ‘गोंधळ उडाला’ असं नाही.